आधी वाटप, मग पाणी

एका एकरावर एक इंच उंचीचे पाणी उभे करायचे तर सुमारे १ लाख लिटर पाणी लागते, आणि पिकाला एक साधी पाळी द्यायची म्हणजे असे किमान तीन इंच, अर्थात ३ लाख लिटर पाणी जमिनीत मुरवावे लागते. धरणाचे पाणी मात्र टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजले जाते आणि १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. वृत्तपत्रांतील आकडे टीएमसीत असतात, शेतकऱ्याचा हिशेब पाळीत असतो आणि या दोन मापांची सांगड क्वचितच घातली जाते. म्हणून धरणात किती पाणी आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण त्या पाण्यातून किती लोकांचे अन्न पिकू शकते हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. ती सांगड घालून पाहिली तर कालव्यातील गळती आणि बाष्पीभवन वगळता १ टीएमसी पाण्यातून सुमारे ९० हजार एकरांना एक पाळी देता येते. माणूस नद्या, तलाव आणि भूगर्भातून जे गोडे पाणी उचलतो त्यातील सुमारे ७० टक्के पाणी जगभरात शेतीकडे जाते आणि भारतात हे प्रमाण ८० टक्क्यांच्याही वर आहे. शहरांनी आणि कारखान्यांनी पाणी जपून वापरलेच पाहिजे, परंतु देशाच्या अन्नाचे आणि नद्यांचे भवितव्य मुख्यतः शेतात पाणी कसे वापरले जाते यावरच ठरणार आहे.

पाण्याचा विचार धरणापासून सुरू करण्याची सवय जडली असली तरी शेतीचा सर्वांत मोठा जलसाठा धरणात नसून मातीत असतो. स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्कनमार्क यांनी पाण्याचे ‘निळे’ आणि ‘हिरवे’ असे दोन भाग कल्पिले: नदी, तलाव, विहीर यांत साठून उचलता येणारे पाणी ते निळे, आणि पावसाचे जे पाणी मातीच्या कणांना धरून राहते व पिकाच्या मुळांवाटे पानांतून हवेत जाते ते हिरवे. महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्रापैकी सिंचनाचा लाभ जेमतेम पाचव्या हिश्श्याला मिळतो, म्हणजे उरलेली सारी शेती हिरव्या पाण्यावरच उभी आहे. सोलापूर भागातील रब्बी ज्वारी हे त्याचे ठळक उदाहरण होय. पावसाळ्यात खोल काळ्या जमिनीत मुरलेली ओल हीच या पिकाची शिदोरी असते आणि मोहोळ येथे निवडपद्धतीने तयार झालेले ‘मालदांडी’ हे वाण पुढे एकही मोठा पाऊस झाला नाही तरी त्या ओलीवर कणीस धरते. कोरडवाहू शेतकरी कोळपणीला अर्धे ओलीत मानतो, त्यामागील कारण शास्त्रशुद्ध आहे. काळी जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालच्या थरांतील ओल उडून जाते. म्हणून पहिली कोळपणी फटीच्या कोळप्याने, दुसरी पासेच्या कोळप्याने आणि पीक सुमारे आठ आठवड्यांचे झाल्यावर तिसरी दातेरी कोळप्याने करण्याची शिफारस केली जाते. दातेरी कोळप्याने उकरलेली माती भेगांत पडून त्या बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचे आच्छादन तयार होते. एका औताने वाचवलेले हे पाणी कोणत्याही सिंचन अहवालात दाखल होत नाही.

हिरव्या पाण्याला थोड्याशा निळ्या पाण्याची जोड मिळाली की तिला ‘संरक्षित सिंचन’ म्हणतात. पिकाची संपूर्ण गरज न भागवता ऐन निकडीच्या वेळी एक-दोन पाळ्या देणे, एवढाच त्याचा अर्थ. ज्वारी पोटरीत असताना, फुलोऱ्यात असताना किंवा दाणे भरताना मिळालेली एक पाळी उत्पन्नात जो फरक पाडते, तो आधीच भरपूर पाणी मिळालेल्या पिकाला दिलेली जादा पाळी कधीच पाडू शकत नाही. या ठिकाणी उसाशी तुलना अटळ ठरते. हरभऱ्याला साऱ्या हंगामात साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पाणी लागते, गव्हाला ४०० ते ४५० मिलिमीटर, तर उसाला २,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. अवर्षणप्रवण भागातील ४००-५०० मिलिमीटर उपयुक्त पाऊस वजा केला तरी एका एकर उसाला किमान ६० लाख लिटर पाणी बाहेरून द्यावे लागते आणि तेवढ्याच पाण्यात, ३ लाख लिटरची एक पाळी धरली तर, वीस एकर ज्वारी किंवा हरभऱ्याला एक संरक्षित पाळी मिळू शकते. पाणी वीस एकरांवर पसरवताना वाटेत मुरणारे पाणी वाढते हे खरे, पण वीसचे पंधरा झाले तरी निष्कर्ष बदलत नाही. राज्याच्या पिकांखालील क्षेत्रात उसाचा वाटा थोड्या टक्क्यांचा आणि सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून अधिक, ही स्थिती अन्नसुरक्षेच्या दृष्टीने कोणत्याही अंगाने समर्थनीय नाही.

तथापि ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, ठरलेला खरेदीदार आहे, तोडणी-वाहतुकीची व्यवस्था कारखाना करतो आणि गारपीट किंवा आठवडाभराचा अवकाळी पाऊस सोसूनही हे पीक उभे राहते. ज्वारी, तूर किंवा करडई पिकवणाऱ्याला यांपैकी काहीच मिळत नाही. या पिकांना आधारभूत किंमत जाहीर होते, पण सरकारी खरेदीचा भर दीर्घकाळ गहू आणि तांदळावरच राहिला आहे. बाजाराने जोखीम ज्या पिकावरून उचलली त्या पिकाकडे पाणी वळले. कमी पाण्याच्या पिकांना खरेदीची हमी न देता शेतकऱ्याला पाणी वाचवण्याचा उपदेश करणे म्हणजे धोरणातील उणीव त्याच्या माथी मारण्यासारखे आहे.

पाणी, पीक आणि वाटप यांचा एकत्रित विचार करणारी व्यवस्था महाराष्ट्रात शतकानुशतके अस्तित्वात होती आणि तिचे नाव फड पद्धती. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर एकाखाली एक असे बंधारे बांधून ही सिंचनव्यवस्था उभी करण्यात आली आणि ती सुमारे तीन-चारशे वर्षे जुनी मानली जाते. हे बंधारे पाणी साठवण्यासाठी नसून नदीचे वाहते पाणी वळवण्यासाठी असत. बंधाऱ्यापासून निघालेला कालवा दोन ते बारा किलोमीटरपर्यंत जाई, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे ‘सारंग’ फुटत, आणि जादा झालेले पाणी ‘सांडमां’वाटे पुन्हा बाहेर काढून दिले जाई. भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा चार भाग पाडलेले असत आणि अशा प्रत्येक भागाला फड म्हणत. फडाचे क्षेत्र कोठे दहा हेक्टर तर कोठे दोनशे हेक्टर असे.

या रचनेतील खरे शहाणपण बांधकामात नसून नियमांत दिसते. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड पडीक ठेवायचा हे नदीचे पाणी पाहून गावाने दरवर्षी मिळून ठरवायचे, हा मूळ नियम होता. शेजारच्या शेतात ऊस आणि आपल्या शेतात हरभरा अशी सरमिसळ नसल्याने एकाच्या पाझराने दुसऱ्याचे पीक उबळत नसे, सर्वांना पाणी एकाच वेळी लागत असल्याने चारी पुन्हा पुन्हा भरावी लागत नसे, आणि फड आलटून पालटून बदलत असल्याने जमिनीला विश्रांती मिळून ती खारावत नसे. बहुतेक कुटुंबांची जमीन एकाहून अधिक फडांत विभागलेली असल्यामुळे तुटीच्या वर्षी एखादा फड बंद ठेवला तरी तूट कोणा एकावर न पडता सर्वांत वाटली जाई. पिकाला पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करत नसे. ते गावाने नेमलेला पाटकरी करी, पिकांची राखण जागल्या करी आणि या सर्वांवर हवालदाराची देखरेख असे. ज्याचे शेत त्याच्या हाती दार नाही, ही गोष्ट वरवर विचित्र वाटली तरी कालव्याच्या मुखाशी असलेल्याने दोन तास जास्त दार उघडे ठेवायचे आणि टोकाशी असलेल्याने रात्र जागून वाट पाहायची, हा आजच्या प्रत्येक कालव्यावरील तंटा तिने मुळातच निकालात काढला होता.

ब्रिटिश राजवटीत दख्खनमध्ये कालवे आले ते दुष्काळनिवारणाच्या हेतूने. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर पुरंदर-बारामतीच्या कोरड्या पट्ट्यासाठी नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि १८८५ मध्ये तो सुरू झाला, परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरी पिकवणारा शेतकरी पैसे मोजून कालव्याचे पाणी घेईना आणि कालव्याचा खर्च निघेना. उत्पन्नासाठी बारमाही पाणी लागणाऱ्या पिकाला, अर्थात उसाला, उत्तेजन देण्याचा मार्ग त्यातून पुढे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक पद्धती’ आणून या ओघाला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला; ओलिताचे क्षेत्र ठरावीक तुकड्यांत बांधून द्यायचे, त्यातील सुमारे एक-तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा आणि बाकी भागात हंगामी पिके फिरवायची, अशी ती कल्पना होती. फड पद्धतीतील पीकफेराच तेथे सरकारी करारनाम्याच्या रूपात अवतरला होता, पण गावाचा निर्णय आणि गावाचा पाटकरी हे तिचे दोन्ही खांब मात्र त्यात नव्हते. पुढे १९७९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, अभियंते देऊस्कर आणि शेतकरी-कामगारांचे नेते दत्ता देशमुख यांच्या समितीने कालव्यांवर ‘आठमाही’ सिंचनाचा, म्हणजे खरीप व रब्बी या दोनच हंगामांना पाणी देऊन उन्हाळी पाणी बंद करण्याचा आणि ते अधिक गावांत पसरवण्याचा विचार मांडला. शासनाने नंतर हे तत्त्व धोरण म्हणून स्वीकारलेही, पण ज्या कालव्यांवर ऊस आणि साखर कारखाने आधीच स्थिरावले होते तेथे ते कागदावरून शेतात फारसे उतरले नाही.

जेथे पाणी मुबलक आले तेथे दुसरेच संकट उभे राहिले. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे ऊस भिजवल्याने भूजलाची पातळी मुळांपर्यंत वर आली. काळ्या मातीचे कण बारीक असल्याने खालचे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, पृष्ठभागाकडे चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. अशा क्षारपड जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो, आधी उसाचे उत्पन्न घटते आणि अखेरीस तेथे काहीच उगवत नाही. ती सुधारायची तर जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करावा लागतो. तो खर्चिक असतो आणि एकट्याने करून भागत नाही, कारण निचऱ्याच्या पाण्याला शेजाऱ्याच्या शेतातून वाट लागते. एकाच राज्यात एका टोकाला पाण्यावाचून आणि दुसऱ्या टोकाला पाण्याच्या अतिरेकाने जमीन नापीक व्हावी, याहून वाटप चुकल्याचा मोठा पुरावा शोधावा लागत नाही.

कालव्यापलीकडच्या शेतीचा भार भूजलावर आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट या कठीण खडकाचा असून त्यात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र साठत नाही; ते मुरमाच्या थरात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि कातळाच्या भेगांतच राहते. असा साठा एका पावसाळ्यात भरतो आणि एका उन्हाळ्यात संपतो. विहीर हा थर वापरते, तर शे-दोनशे मीटर खोल जाणारी कूपनलिका खालच्या भेगांतील पाणी ओढते आणि आजूबाजूच्या अनेक विहिरी कोरड्या पाडते. त्यातच शेतीपंपाची वीज पंपाच्या अश्वशक्तीवर आकारली गेली, की एक तास पंप चालवला काय आणि आठ तास चालवला काय, बिल तेवढेच येते. वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळत असल्याने थंडीत, अंधारात, विंचूकाट्याची भीती बाळगून दारे धरायला जाण्यापेक्षा शेतकरी पंपाला ‘ऑटो’ बसवतो. वीज येताच पंप आपोआप सुरू होतो आणि सरी भरून बांधाबाहेर पाणी वाहू लागले तरी चालूच राहतो. हा अपव्यय शेतकऱ्याच्या बेफिकिरीतून आलेला नाही. दिवसा आणि खात्रीची वीज मिळाली तर त्यातील मोठा भाग थांबेल. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांचीही अशीच गत आहे: पावसाचे वाहून जाणारे पाणी धरले तर ते उपयोगी साधन आहे, पण विहीर-कूपनलिकेतून पाणी उपसून त्यात साठवणे म्हणजे सर्वांच्या मालकीचे भूजल उन्हात उघडे करून एकाच्या नावावर चढवणे होय.

पाणी वाचवण्याचे साधन म्हणून ठिबक सिंचनाकडे बोट दाखवले जाते आणि ते योग्यही आहे. तासाला दोन-चार लिटर पाणी थेंबाथेंबाने मुळांपाशी सोडणारी ही पद्धत मोकाट पाण्याच्या तुलनेत बरीच बचत करते, खतही त्याच नळीतून देता येते आणि जमीन वाफशावर राहते. वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची अवस्था. परंतु एका शेतात वाचलेले पाणी नदीत किंवा भूगर्भात राहीलच असे नाही. अनेक ठिकाणी ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर त्याच विहिरीवर आणखी दोन एकर ऊस, केळी किंवा द्राक्षे उभी राहतात. शिवाय मोकाट पाण्यातील जो भाग खाली झिरपून शेजाऱ्याच्या विहिरीत येत होता तो थांबतो आणि एकूण उपसा पूर्वीइतकाच किंवा त्याहून अधिक होतो. पाण्याच्या वापरावर मर्यादा नसेल तर ठिबकने पिकाचे उत्पन्न वाढते, पाणलोटातील पाणी वाढत नाही. नदीला उन्हाळ्यात वाहते राहण्यासाठी, तिच्यातील मासे आणि काठचे जीवन टिकण्यासाठी जे पाणी सोडायला हवे, ते बचतीतून आपोआप उरत नाही. ते आधी बाजूला काढून ठेवावे लागते.

मर्यादा घालून घेणे लोकांना जमत नाही, हा समज पुरंदर तालुक्याने खोटा ठरवला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झालेले पुण्यातील अभियंते विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानाची चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेऊन तेथे माती-पाणी अडवण्याचे प्रयोग केले आणि १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन करून ‘पाणी पंचायती’ची चळवळ उभी केली. तिचे नियम थोडके आणि स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराला आणि पाच माणसांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना पुरेल एवढेच द्यायचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. योजनेच्या भांडवलाचा एक-पंचमांश भाग लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. पाणी पाटकऱ्याने वाटायचे आणि ऊस लावायचा नाही. दहा एकरांचा मालक आणि एका एकराचा मालक दोघांना कुटुंबातील माणसे मोजून पाणी मिळावे, हा विचार त्या काळात धाडसाचा होता आणि आजही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने याच मार्गाने पुढे जाऊन सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली, उसासारखी पिके टाळली आणि दरवर्षी पाऊस व विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी, मग उरलेल्या पाण्यात बसतील ती पिके. पाऊस कमी झाला की तेथे रब्बीचे क्षेत्र कमी होते, आणि ते पेरणीपूर्वी ठरते. नाशिक जिल्ह्यात ओझर येथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. त्या शासनाकडून पाणी मोजून घेतात, आपापसांत वाटतात आणि पाणीपट्टीही स्वतः गोळा करतात. पुढे या प्रकल्पाचे सारे लाभक्षेत्र अशा संस्थांकडे गेले. एकूण कोटा ठरलेला असल्यावर पिकाची निवड शेतकऱ्यावर सोपवता येते, हे वाघाडने दाखवून दिले.

या अनुभवांचा आधार घेत महाराष्ट्राने २००५ मध्ये दोन कायदे केले. एका कायद्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देण्याची तरतूद केली आणि दुसऱ्याने पाण्याचे हक्क व दर ठरवणारे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. घनमापन पद्धतीने, म्हणजे क्षेत्रावर किंवा पिकावर न आकारता प्रत्यक्ष घनमीटर मोजून पाणी देण्याचे तत्त्व या कायद्यांमुळे मान्य झाले आणि ती निःसंशय पुढची पायरी होती. तरीही लाभक्षेत्रातील पाण्याचा कोटा या कायद्यांनुसार जमीनधारकालाच मिळतो. नायगावच्या माळावर पन्नास वर्षांपूर्वी भूमिहीनासाठी ठेवलेला पाण्याचा वाटा राज्याच्या कायद्यात अजून आलेला नाही.